लहान संगणकाची कणगी

सुगी सरली की आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरी धान्य साठविण्याची तयारी सुरू होते. बांबूच्या कामट्यांची किंवा तुरीच्या काड्यांची कणगी विणावयाची, ती शेणमातीने लिंपावयाची आणि मग तीत ज्वारी भरावयाची, ही रीत जुनी आहे. या रीतीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कणगी केवढी असावी हे ती विणण्यापूर्वीच ठरवावे लागते. लहान झाली तर धान्य बाहेर राहते आणि उंदरांचे फावते. फार मोठी झाली तर घरातील जागा अडते, बांबू वाया जातो आणि ती दारातून आत नेणेही कठीण होते. म्हणून जाणता माणूस प्रथम धान्याचा अंदाज घेतो, त्यावर थोडी अधिक जागा धरतो, आणि मगच विणावयास बसतो.

विद्यार्थिमित्रहो, लहान संगणक तयार करणाऱ्या तंत्रज्ञासमोर आज नेमका हाच प्रश्न उभा असतो. त्या प्रश्नाचा परिचय करून द्यावा, एवढाच आमचा या लेखात हेतू आहे. विषय वरवर पाहता कारखान्यातील माणसांचा वाटेल. परंतु त्यात आपल्या भाषेचाही संबंध कसा येतो, हे पुढे दिसून येईल.

संगणक म्हटला की पडदा आणि कळफलक असलेले यंत्र आपल्या डोळ्यांसमोर येते. वस्तुतः संगणकांची फार मोठी संख्या अशा रूपात दिसतच नाही. घरात इंटरनेट पुरविणारी राउटरची पेटी, दूरचित्रवाणीला जोडलेला सेट-टॉप बॉक्स, कारखान्यातील यंत्रांवर देखरेख करणारा फलक, यांच्या पोटात एकेक लहान संगणक दडलेला असतो. एका ठराविक कामासाठी यंत्रात कायमचा बसविलेला हा संगणक होय. त्यांपैकी कितीतरी संगणक लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतात. फिनलंड देशातील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स याने 1991 साली लिनक्सचा आरंभ केला. ती कोणालाही पाहता येते, बदलता येते आणि विनामूल्य वापरता येते. म्हणूनच लहान यंत्रे बनविणाऱ्यांनी तिचा मोठ्या प्रमाणावर स्वीकार केला.

लिनक्समध्ये साऱ्या फायली एका झाडाप्रमाणे मांडलेल्या असतात. हे झाड मात्र उलटे असते. मूळ वर आणि फांद्या खाली, अशी त्याची रचना. गीतेच्या पंधराव्या अध्यायातील अश्वत्थाची आठवण व्हावी, असाच हा प्रकार आहे. त्या मुळापासून निघालेल्या सर्व फायलींच्या व्यवस्थेस रूट फाइलसिस्टिम म्हणतात. यंत्र सुरू करणारे कार्यक्रम, त्यांना लागणारी साहाय्यक साधने, अक्षरांचे टंक, मांडणीच्या नोंदी, हे सर्व तिच्यात असते. ती नसेल तर लिनक्सचा गाभा जागा होतो खरा, परंतु त्याला करावयास काही कामच सापडत नाही आणि तो तेथेच थांबतो.

ही सारी व्यवस्था प्रत्येक यंत्रात एकेक फाइल उचलून भरणे शक्य नसते. म्हणून तिची एक संपूर्ण प्रतिकृती एकाच मोठ्या फायलीत तयार करतात. तिला इमेज, म्हणजे प्रतिमा, असे नाव आहे. आपल्या परिसरातील ओझा कारागीर मेणावर मातीचा साचा चढवून पितळी मूर्ती ओततात. त्या आदिलाबादच्या डोकरा कलेस 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कलेत मूर्ती बाहेर काढताना साचा फोडावा लागतो, त्यामुळे कोणत्याही दोन मूर्ती अगदी सारख्या नसतात, आणि त्यातच त्यांचे सौंदर्य आहे. संगणकाच्या प्रतिमेचे याच्या उलट आहे. एकच साचा हजारो यंत्रांवर जसाच्या तसा उमटतो. साहजिकच त्या साच्यात मापाची चूक राहिली तर तीही हजारो यंत्रांवर उमटते. जागेचा हिशेब आधी नीट करावयाचा, तो यासाठीच.

प्रतिमा तयार करण्यासाठी दोन साधने विशेष प्रसिद्ध आहेत. एक बिल्डरूट व दुसरे योक्टो. बिल्डरूट 2001 पासूनचे. योक्टो प्रकल्पाची घोषणा 2010 साली झाली. योक्टोमध्ये कोणता कार्यक्रम कसा तयार करावा हे सांगणाऱ्या लेखी सूचनांना चक्क ‘रेसिपी’, म्हणजे पाककृती, म्हणतात. या पाककृतींवरून संगणक सर्व पदार्थ रांधतो आणि शेवटी एका भांड्यात वाढतो. ते भांडे केवढे घ्यावे, हाच आपला प्रश्न.

बिल्डरूटचा मार्ग सरळ आहे. तेथे नेहमीच्या पद्धतीची प्रतिमा हवी असेल तर तिचे माप आपणच लिहून द्यावयाचे. आपण काही लिहिले नाही तर 60 मेगाबाइट धरले जातात. सामग्री त्याहून अधिक भरली तर काम मध्येच थांबते, आणि माप वाढवावे लागेल अशी सूचना पडद्यावर येते. योक्टो मात्र प्रथम स्वतः मोजमाप करतो. भरलेल्या सर्व फायली मिळून किती जागा घेतात ते तो पाहतो आणि त्या संख्येला 1.3 ने गुणतो. म्हणजे शंभर मेगाबाइट सामग्रीसाठी एकशेतीस मेगाबाइटची कणगी. याशिवाय ‘निदान एवढी तरी असावीच’ असे एक किमान माप त्याच्याजवळ असते. ते आपण बदलले नाही तर 65536 किलोबाइट, म्हणजे 64 मेगाबाइट, असते. या दोहोंत जे मोठे असेल ते तो घेतो, आणि आपण काही जादा जागा मागितली असेल तर ती त्यात मिळवितो.

उदाहरण घेऊ. सामग्री 40 मेगाबाइट आहे. तिला 1.3 ने गुणले की 52 होतात. हे किमान मापापेक्षा कमी आहेत, म्हणून प्रतिमा 64 मेगाबाइटची होईल. सामग्री 100 असेल तर गुणाकार 130 येतो. तो 64 हून मोठा, म्हणून प्रतिमा 130 ची. आणि आपण आणखी 20 मेगाबाइट जादा मागितले असतील तर ती 150 ची होईल. सातवीच्या विद्यार्थ्यालाही पाटीवर करता येईल असे हे गणित आहे.

आता कोणी विचारील, सामग्री शंभर असताना एकशेतीस कशाला? याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, फायली ठेवावयाच्या म्हणजे त्यांच्या नोंदीही ठेवाव्या लागतात. कोणती फाइल कोठे आहे, कोणाच्या मालकीची आहे, केव्हा बदलली, ही सारी खतावणी त्याच जागेत लिहिली जाते. शिवाय जागा सारख्या मापाच्या खणांत विभागलेली असते. एक खण बहुधा 4096 बाइटांचा असतो. एखाद्या फायलीत एकच अक्षर असले तरी ती पूर्ण खण अडविते. वहीत प्रत्येक धडा नव्या पानावर सुरू करावा तसे हे आहे. शंभर बाइटांच्या हजार फायलींचा मजकूर एकूण एक लक्ष बाइटच भरतो. परंतु त्या अडवितात मात्र सुमारे एक्केचाळीस लक्ष बाइट. दुसरे कारण असे की, यंत्र चालू लागले म्हणजे स्वतः लिहू लागते. रोजच्या नोंदी, मांडणीतील बदल, नव्या सुधारणा, या सर्वांना जागा हवी. काठोकाठ भरलेल्या कणगीत हात घालून धान्य सारखे करता येत नाही, तशीच ही गोष्ट आहे.

किमान माप असते तसे कमाल मापही ठरवून देता येते, आणि आमच्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. समजा, यंत्रातील साठवणीची चकती 512 मेगाबाइटची आहे. त्यांतील 16 मेगाबाइट यंत्र जागे करणाऱ्या कार्यक्रमासाठी व लिनक्सच्या गाभ्यासाठी राखले. पुढे सुधारित प्रतिमा भरताना वीज गेली तर यंत्र निकामी होऊ नये, म्हणून शहाणे तंत्रज्ञ मूळ फायलींसाठी दोन सारखे कप्पे ठेवतात. एक वापरात असताना दुसऱ्यात नवी प्रतिमा भरली जाते, आणि ती नीट चालल्याशिवाय जुनी सोडली जात नाही. या दोन कप्प्यांना प्रत्येकी 160 मेगाबाइट दिले. उरलेले 176 मेगाबाइट वापरणाऱ्याच्या स्वतःच्या माहितीसाठी. आता प्रतिमेचे कमाल माप 160 असे लिहून ठेवले, की हिशेब पक्का झाला. सामग्री 120 मेगाबाइट असेल तर प्रतिमा 156 ची होते आणि बसते. ती 125 झाली तर गुणाकार 162.5 येतो, आणि योक्टो तेथल्या तेथे काम थांबवून चूक दाखवितो. असे थांबणे त्रासाचे वाटते. परंतु हजार यंत्रे गावोगाव गेल्यावर चूक कळण्यापेक्षा ती कारखान्यात कळलेली शतपटीने बरी.

या हिशेबात एकके सांभाळावी लागतात. योक्टोमधील ही मापे किलोबाइटमध्ये लिहावयाची असतात. 160 मेगाबाइट म्हणजे 163840 किलोबाइट. कोणी घाईत नुसतेच 160 लिहिले तर कमाल माप एक मेगाबाइटही भरणार नाही. दुसरा घोटाळा बाजारातील मापांचा. कार्डावर ‘4 जीबी’ असे छापलेले असते तेव्हा कारखानदार चार अब्ज बाइट मोजतो. संगणकाच्या दुहेरी गणनेत मात्र चार जीबी म्हणजे 4294967296 बाइट. हा फरक एकोणतीस कोटी बाइटांहून अधिक आहे. म्हणून दुहेरी गणनेने बरोबर चार जीबीची केलेली प्रतिमा ‘4 जीबी’च्या कार्डावर मावत नाही. शेर आणि किलो यांत गल्लत करणाऱ्या दुकानदाराची जी गत, तीच येथे होते.

मग सरसकट मोठीच प्रतिमा का करू नये? कारण रिकामी जागाही उचलून न्यावी लागते. तीनशे मेगाबाइट सामग्रीसाठी हजार मेगाबाइटची प्रतिमा केली, आणि ती दर सेकंदास दहा मेगाबाइट या वेगाने लिहिली, तर प्रत्येक यंत्रामागे शंभर सेकंद लागतील. चारशे मेगाबाइटच्या प्रतिमेस चाळीस पुरतील. चाळीस संगणकांच्या एका शाळेत हा फरक चाळीस मिनिटांचा होतो. म्हणून रास्पबेरी पाय या शाळांतून लोकप्रिय झालेल्या लहान संगणकासाठी एक युक्ती योजिली आहे. त्याची प्रतिमा लहानच ठेवतात, आणि कार्डावरून यंत्र प्रथम सुरू झाले की मूळ फाइलसिस्टिम स्वतः पसरून संपूर्ण कार्ड व्यापते. कणगी दारातून आत नेताना चटईसारखी गुंडाळलेली, आणि आत गेल्यावर उलगडलेली!

साठवणीचा आणखी एक प्रकार सांगण्यासारखा आहे. आमच्या कोंकणी मुलखात तांदूळ गवताच्या पेंढ्यात घट्ट आवळून बांधीत. त्या गोळ्यास मुडी म्हणत. कणगीत वरून आणखी पायली ओतता येते. मुडीत मात्र जेवढे बांधले तेवढेच. पण तिला जागा कमी लागते आणि आतील धान्य सुरक्षित राहते. संगणकातही अशी मुडी आहे. तिचे नाव स्क्वॅशएफएस. तीत फायली दाबून बसविलेल्या असतात आणि त्या केवळ वाचता येतात, बदलता येत नाहीत. राउटरसाठी तयार केलेल्या ओपनडब्ल्यूआरटी या प्रणालीत मूळ फायली अशा मुडीत ठेवतात आणि उरलेली जागा लिहिण्यासाठी वेगळी राखतात. वापरणाऱ्याने काही बदल केले तर ते या वेगळ्या जागेत जातात. यंत्र बिघडले तर ती पुसावी, की मूळची मुडी शाबूत.

परंतु आवळण्यालाही मर्यादा असते. जुन्या राउटरांत साठवणीस अवघे 4 मेगाबाइट व चालू स्मृतीस 32 मेगाबाइट असत. लिनक्सचा गाभा वर्षानुवर्षे वाढत गेला. अखेर 2020 साली निघालेली 19.07 ही आवृत्ती अशा यंत्रांसाठी शेवटची ठरली. यंत्रे मोडली नव्हती. त्यांच्यात जागा उरली नव्हती. जागेचा हिशेब चुकला की चांगले यंत्रही म्हातारे ठरते, हा धडा येथे मिळतो.

आता जो प्रसंग सांगावयाचा आहे तो शाळेतील मुलांशी निगडित आहे. ‘प्रत्येक मुलास एक संगणक’ या हेतूने अमेरिकेत एक प्रकल्प सुरू झाला होता. निकोलस निग्रोपाँटे यांनी 2005 साली त्याची घोषणा केली. त्याचा हिरव्या-पांढऱ्या रंगाचा लहान संगणक एक्सओ या नावाने ओळखला जाई. भारतातील त्याचा पहिला प्रयोग 2007 साली महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील खैराट या लहानशा गावी, एकशिक्षकी प्राथमिक शाळेत झाला. मराठी बोलणाऱ्या मुलांच्या हाती लिनक्सवर चालणारा स्वतःचा संगणक आला. त्याला छायाचित्रे काढण्याची सोय होती, चित्रे रंगविता येत, गाणी ध्वनिमुद्रित करता येत. त्यात साठवणीस केवळ 1 गिगाबाइट जागा होती, आणि त्यांतील मोठा वाटा लिनक्सच्या मूळ फायलींनी व्यापलेला असे. मुलांची चित्रे, छायाचित्रे आणि मूळ फायली एकाच कणगीत होत्या. मूल हौसेने छायाचित्रे काढीत राहिले की ती हळूहळू भरत जाई. सुरुवातीच्या आवृत्त्यांत ती पूर्ण भरली म्हणजे संगणक सुरू होण्यासच अडून बसे, कारण सुरू होताना लिहावयाच्या चार ओळींनाही जागा उरलेली नसे. ही अडचण एखाद्या गावची नव्हती. त्या यंत्राच्या घडणीतच ती होती, आणि पुढील आवृत्त्यांत तिच्यावर उपाय करावे लागले. तो संगणक आता बनत नाही. परंतु त्याने शिकविलेली गोष्ट कायमची आहे. घर बांधणाऱ्याने घरात राहणाऱ्यासाठी जागा राखली पाहिजे, आणि ती राखीव जागा घराच्या खांबांपासून वेगळी असली पाहिजे. वर दिलेल्या उदाहरणातील 176 मेगाबाइटचा वेगळा कप्पा याचसाठी.

आता भाषेचा प्रश्न. प्रतिमा लहान करावयाची म्हणजे काहीतरी वगळावे लागते. अशा वेळी प्रथम काय वगळले जाते? बिल्डरूटमध्ये आपण काही सांगितले नाही तर इंग्रजी सोडून इतर भाषांच्या संदेशांच्या फायली आपोआप पुसल्या जातात. योक्टोच्या सर्वांत लहान नमुना प्रतिमेत भाषांची यादी रिकामीच ठेवलेली आहे. यात कोणाचा द्वेष नाही. जागा वाचावी एवढाच हेतू असतो. परंतु परिणाम असा होतो, की ज्याने विचारपूर्वक ‘मराठी ठेवा’ असे लिहिले नाही, त्याच्या यंत्रात मराठी नसते. आपल्या जिल्ह्यात तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू बोलणारी माणसे एकाच बाजारात येतात. त्यांच्यासाठी बनविलेल्या यंत्राच्या पडद्यावर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटले तर ते यंत्र कितीही वेगवान असून उपयोग काय?

देवनागरीला केवळ टंक असून भागत नाही. ‘शक्ति’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी उच्चारात शेवटी येते, पण लिहिताना जोडाक्षराच्या आधी येते. ‘क’ आणि ‘त’ यांचा जोड करावयाचा, वेलांटी योग्य जागी न्यावयाची, हे काम करणारा कार्यक्रमही सोबत लागतो. त्यासाठी हार्फबझ हे साधन सर्वत्र वापरले जाते. ते नसले तर अक्षरे सुटी पडतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. या साऱ्याला जागा तरी किती लागते? देवनागरीचा साधा टंक काहीशे किलोबाइटचा असतो. हार्फबझ आणि मराठी संदेश धरून आपण सढळपणे तीन मेगाबाइट मोजू. मघाच्या 120 मेगाबाइटमध्ये ते मिळविले तर 123 होतात; 1.3 ने गुणले की 159.9. कमाल माप 160 होते. मराठी बसली! शोभेच्या चित्रांसाठी पाच मेगाबाइट दिले असते तर मात्र काहीच बसले नसते. जागा थोडी असते तेव्हा प्रत्येक मेगाबाइट हा एक निर्णय असतो, हे यावरून कळून येईल.

काटकसर करू नये, असे आम्हांस मुळीच सुचवावयाचे नाही. काटकसरीतूनच उत्तम कल्पना निघतात. ब्रूस पेरेन्स यांनी 1995 साली एकाच फ्लॉपी चकतीवर, म्हणजे दीड मेगाबाइटहूनही कमी जागेत, सुरू होऊ शकणारी संपूर्ण लिनक्स बसविण्यासाठी बिझीबॉक्स हा कार्यक्रम लिहिला. कितीतरी लहान आज्ञांचे काम तो एकटाच करतो. आजही असंख्य लहान यंत्रांत तो आहे. मात्र काटकसर कशात करावी याचा विवेक हवा. परीक्षणासाठी ठेवलेली साधने, कोणी न वाचणारी पुस्तिकांची पाने, एकाच कामाचे दोन-दोन कार्यक्रम, हे आधी काढावे. माणसाची भाषा आणि माणसाच्या कामाची जागा शेवटपर्यंत राखावी.

तेव्हा क्रम असा राहील. प्रथम सामग्री मोजावी. तिच्यावर वाढीसाठी योग्य ती मोकळीक धरावी. यंत्राच्या चकतीचे खरे माप पाहून कमाल मर्यादा लिहून ठेवावी. वापरणाऱ्याचा कप्पा वेगळा करावा. एकके पुन्हा एकदा तपासावीत. आणि शेवटी, ज्या माणसांच्या हाती हे यंत्र जाणार, त्यांची अक्षरे त्यात आहेत की नाहीत, ते सुरू करून डोळ्यांनी पाहावे.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या असली यंत्रे घडवितील. त्या वेळी मापाच्या रकान्यात संख्या लिहिताना त्यांनी एवढेच स्मरणात ठेवावे, की ती संख्या नुसत्या किलोबाइटांची नसते. ती कोणासाठी किती जागा ठेवली याची नोंद असते. कणगी विणणाऱ्या आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. ते वर्षाच्या धान्याबरोबर पुढच्या पेरणीचे बियाणेही मोजीत असत.